किनाऱ्यावर अनोळखी कलेवर आढळले तर : कोकणात उतरणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी ओळखीचे मार्गदर्शन

कोल्हापूर घाटमाथ्याच्या अलीकडे वसलेले असले तरी समुद्र येथील माणसाला परका नाही. आंबा घाट उतरून रत्नागिरी आणि गणपतीपुळे, गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडी, राधानगरीवरून फोंडा घाटाने कणकवली, देवगड आणि मालवण, तसेच आजऱ्याकडून आंबोलीमार्गे सावंतवाडी आणि वेंगुर्ला, अशा वाटांनी आपल्याकडची कुटुंबे, सहलीचे गट आणि महाविद्यालयातील विद्यार्थी वर्षभर किनाऱ्यावर जात असतात. त्यांच्यापैकी कोणाला कधी पुळणीवर एखादे प्रचंड, कुजलेले, ओळख न पटणारे शरीर दिसते; छायाचित्र घाट चढून कोल्हापुरात पोहोचते आणि संध्याकाळपर्यंत त्याला ‘समुद्री राक्षस’ असे नाव पडलेले असते. ज्यांना प्राणिशास्त्राची पूर्वतयारी नाही, पण जे पाहिले ते नीट समजून घेण्याची इच्छा आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. अनोळखी कलेवर पाहताना आपले मन लगेच ‘हे कशासारखे दिसते’ असे विचारते आणि तेथेच फसते. विचारण्याचा खरा प्रश्न ‘या शरीरातून काय काय गळून गेले आहे’ हा आहे. किनाऱ्यावर लागणारी बहुतेक ‘गूढ’ शरीरे परिचित प्राण्यांचीच असतात. कुजण्याच्या क्रमामुळे त्यांचा आकार इतका बदललेला असतो की मूळ प्राणी आयुष्यभर पाहिलेला माणूसही क्षणभर गोंधळतो.

पहिली पायरी : जवळ जाण्यापूर्वी

प्राणी खरोखर मृत आहे का, हे आधी दुरून पाहावे. देवमासा किंवा डॉल्फिन जिवंतपणी किनाऱ्यावर अडकतो तेव्हा तो बराच वेळ निश्चल पडून राहतो आणि त्याचे दोन श्वासांमधील अंतर मोठे असू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू जिवंत अडकले होते आणि त्याला पाण्यात परत नेण्यासाठी स्थानिक लोक व शासकीय यंत्रणा यांनी मोठी खटपट केली होती. अशा वेळी शेपटीला दोर बांधून ओढू नये, डोक्यावरील श्वासरंध्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये, अंगावर ओली चादर टाकून सावली करावी आणि तत्काळ वन विभागाच्या १९२६ या मदतक्रमांकावर कळवावे.

प्राणी मृत असल्याची खात्री झाली तरी वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, म्हणजे वारा आपल्या पाठीवर घेऊनच त्याच्याकडे जावे. उघड्या हातांनी स्पर्श करू नये. सागरी सस्तन प्राण्यांच्या शरीरातील काही जिवाणू, उदाहरणार्थ ब्रुसेला, माणसालाही बाधू शकतात. लहान मुलांना दूर ठेवावे. फुगलेल्या देवमाशाच्या पोटावर चढणे, त्यात काठी खुपसणे किंवा चाकू लावणे हे तर कटाक्षाने टाळावे, कारण आत वायू मोठ्या दाबाखाली साठलेला असतो. जानेवारी २००४ मध्ये तैवानमधील ताइनान शहरात ट्रकवरून नेला जात असलेला एक मृत स्पर्म व्हेल (चौकोनी डोक्याचा, दात असलेला मोठा देवमासा) भर रस्त्यात फुटला आणि त्याचे रक्त व आतडी आसपासच्या दुकानांवर व वाहनांवर उडाली. वाहतूक करणाऱ्यांनी कोणतीही आगळीक केली नव्हती. आतल्या वायूचा दाब तेवढा होता.

भरतीची वेळ किनाऱ्यावरील कोणाही मच्छीमाराला विचारून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण असेल तर पाणी अपेक्षेपेक्षा खूप वर येते, जड कलेवर लाटेबरोबर लोळते आणि त्याच्या व पाण्याच्या मध्ये उभा असलेला माणूस त्याखाली सापडू शकतो.

दुसरी पायरी : छायाचित्रे आणि मापे

ओळख पटवण्याचे काम बहुधा दुसरेच कोणी, दूर कोठेतरी बसून करणार असते. म्हणून आपले मुख्य काम नोंद करण्याचे आहे, आणि नवख्या माणसाला ते पूर्णपणे साधण्यासारखे आहे. दोन्ही बाजू, डोके, शेपटी, तोंडाचा आतील भाग दिसत असेल तर तो, आणि उघडे पडलेले प्रत्येक हाड यांची स्वतंत्र छायाचित्रे घ्यावीत. कॅमेरा शरीराला काटकोनात धरावा. डोक्याच्या बाजूने तिरपे घेतलेले छायाचित्र डोके अवाढव्य आणि शेपटी चिमुकली दाखवते, आणि अनेक अफवा अशा एका तिरप्या छायाचित्रातून जन्मतात. प्रत्येक छायाचित्रात मापासाठी फूटपट्टी ठेवावी. माणूस शेजारी उभा करणे हा तितकासा चांगला उपाय नाही, कारण तो थोडा मागे उभा राहिला तरी प्रमाण बिघडते.

लांबी मोजताना टेप शरीराच्या फुगवट्यावरून न नेता जमिनीवर सरळ रेषेत ठेवावा. देवमासा व डॉल्फिन यांच्या बाबतीत वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या दोन पंखांमधील खाचेपर्यंतचे अंतर ही मान्य लांबी आहे. डोके किंवा शेपटी नसेल तर ‘उरलेल्या भागाची लांबी’ असे स्पष्ट लिहावे. दिनांक, वेळ, किनाऱ्याचे नाव आणि मोबाइलमधील नकाशावरचे अक्षांश-रेखांश यांची नोंदही तेथेच करावी. घाट चढून परत आल्यावर आठवणीने लिहिलेली मापे विश्वासार्ह राहत नाहीत.

तिसरी पायरी : कुजण्याची अवस्था ठरवणे

सागरी सस्तन प्राण्यांच्या नोंदीत पाच अवस्था मानतात. पहिली अवस्था जिवंत प्राण्याची, दुसरी नुकत्याच मेलेल्याची, तिसरी फुगलेल्या पण आकार टिकून असलेल्याची, चौथी अवयव गळू लागलेल्याची आणि पाचवी केवळ सुकलेले कातडे किंवा सांगाडा उरल्याची. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेत ओळख सहसा कठीण नसते. सगळी ‘गूढे’ चौथ्या अवस्थेत निर्माण होतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा आणि खवळलेला समुद्र यांमुळे खोल पाण्यात मेलेले प्राणी किनाऱ्याकडे लोटले जातात, आणि येईपर्यंत ते अनेकदा या अवस्थेला पोहोचलेले असतात.

चौथी पायरी : काय गळून गेले असेल

हीच या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळणे योग्य ठरेल.

शार्कपासून सुरुवात करू. शार्कच्या शरीरात हाडे नसतात. त्याचा सांगाडा कूर्चेचा असतो. खालचा जबडा आणि कल्ल्यांच्या कमानी कवटीला सैलपणे जोडलेल्या असल्याने कुजताना त्या लवकर निखळून पडतात, आणि मागे उरते ती छोटी कवटी व तिच्यामागचा उघडा, बारीक कणा. पाहणाऱ्याला ते लहान डोके आणि लांब मान वाटते. शार्कचा कणा शेपटीच्या वरच्या पात्यात शिरलेला असतो, त्यामुळे खालचे पाते गळाले की शेपटी चाबकासारखी उरते. पुढचे दोन पर (पोहण्याचे पंख) टिकून राहतात आणि ते वल्ह्यांसारखे दिसतात. अशा रीतीने एका साध्या माशाचे रूपांतर कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या प्लेसिओसॉर या लांब मानेच्या सरपटणाऱ्या प्राण्यात होते.

हे घडल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एप्रिल १९७७ मधील आहे. न्यूझीलंडजवळ ‘झुइयो मारू’ या जपानी मासेमारी जहाजाच्या जाळ्यात सुमारे ३०० मीटर खोलीवरून १० मीटर लांबीचे एक कलेवर आले. पकडलेली मासळी खराब होईल म्हणून खलाशांनी ते पुन्हा समुद्रात टाकले, पण त्याआधी एकाने काही छायाचित्रे घेतली, मापे टिपली आणि पराच्या तंतूंचा नमुना ठेवला. जपानमध्ये प्लेसिओसॉर सापडल्याची लाट उसळली. पुढे त्या तंतूंतील अमिनो आम्लांचे प्रमाण तपासले तेव्हा ते शार्कच्या परातील प्रथिनाशी जुळले, आणि तो बास्किंग शार्क असावा, असा निष्कर्ष निघाला. प्राणी हातचा गेला असूनही निर्णय करता आला, तो त्या खलाशाने जपलेल्या नोंदींमुळे आणि तंतूंमुळे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांमध्ये १८०८ साली लागलेला ‘स्ट्रॉन्सेचा राक्षस’ हाही असाच बास्किंग शार्क मानला जातो. हा शार्क प्रामुख्याने थंड व समशीतोष्ण समुद्रातला आहे. आपल्या कोकणात एवढ्या मोठ्या शार्कचे कलेवर दिसले तर आधी व्हेल शार्कचा विचार करावा, मात्र कुजण्याचा क्रम तोच राहतो.

देवमाशांच्या बाबतीत फसगत वेगळ्या मार्गाने होते. देवमाशाच्या पाठीवरील पर आणि शेपटीचे आडवे पंख यांमध्ये हाडे नसतात; ते घट्ट तंतुमय ऊतींचे बनलेले असतात. ते गळाले की मागे मणक्यांची निमुळती होत गेलेली रांग उरते आणि प्राणी लांब शेपटीच्या घोरपडीसारखा दिसू लागतो. डॉल्फिनच्या कपाळावरील मांसल, चरबीयुक्त भाग कुजला की आत दडलेली लांब चोच असलेली कवटी उघडी पडते, आणि तिच्यातील दात पाहून लोक मगर असल्याचे सांगतात. बॅलीन जातीच्या, म्हणजे दातांऐवजी जबड्यात झालरीच्या पट्ट्या असलेल्या, मोठ्या देवमाशांचे खालच्या जबड्याचे दोन वाकडे, अजस्र भाग वेगळे होऊन पडले की त्यांना फासळ्या समजले जाते. घशाखालचा भाग वायूने फुगला तर तोंडातून एक भला मोठा फुगा बाहेर आल्यासारखे दिसते.

त्याहूनही गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे डोके, डोळे, हाडे यांपैकी काहीच नसलेला पांढरट, रबरी गोळा. जुलै २००३ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर सुमारे १२ मीटर लांबीचा असा गोळा लागला होता आणि तो महाकाय अष्टपाद (ऑक्टोपस) असावा, असे सांगितले गेले. २००४ मध्ये डीएनए तपासणीतून तो स्पर्म व्हेल असल्याचे सिद्ध झाले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १८९६ साली सापडलेल्या तशाच गोळ्याला येल विद्यापीठातील व्हेरिल या प्राणिशास्त्रज्ञांनी महाकाय अष्टपाद म्हणून शास्त्रीय नावही दिले होते. काही महिन्यांतच त्यांनी स्वतः ते मत मागे घेऊन तो देवमाशाचा भाग असल्याचे म्हटले. मोठा अभ्यासकही जिथे चुकू शकतो तिथे नवख्याने घाईने नाव देऊ नये, हे ओघाने आलेच. असा गोळा म्हणजे देवमाशाच्या कातडीखालील चरबीच्या थरातील कोलॅजन या प्रथिनाची जाळी असते. चरबी झिरपून जाते, हाडे निसटून तळाशी जातात आणि जाळी तरंगत राहते.

याच कोलॅजनमुळे ‘अंगावर पांढरे केस असलेला प्राणी’ ही बातमी वारंवार येते. ते केस नसतात. खरा केस कातडीतील मुळातून उगवतो आणि त्याची जाडी एकसारखी असते. हे तंतू मात्र कातडीखालून निघालेले, एकमेकांत गुंतलेले, फाटलेल्या काथ्यासारखे असतात आणि फाटलेल्या कडांशी अधिक दाट दिसतात. छायाचित्र घेताना तंतू कोठून सुरू होतात ते दाखवणारे एक जवळचे चित्र घेतले तर हा प्रश्न तेथेच मिटतो.

पाचवी पायरी : हाडांवरून गट ठरवणे

जाती ओळखण्याआधी गट ओळखावा. त्यासाठी एक मणका पुरेसा ठरतो. मणक्याची दोन्ही टोके सपाट असतील, त्याला बाजूने व वरून रुंद हाडांची पाती फुटलेली असतील आणि हाड सच्छिद्र व तेलकट असेल, तर तो देवमासा किंवा डॉल्फिन होय. दोन्ही टोकांना वाटीसारखा खोलगटपणा असेल आणि वर-खाली टोकदार हाडे जोडलेली असतील, तर तो हाडांचा सांगाडा असलेला मासा. टोके खोलगट असूनही काटे नसलेली, वर्तुळाकार वलये दिसणारी चकती असेल, तर शार्क किंवा पाकट. पुळणीवर कधीकधी ताटलीएवढ्या सपाट, गोल हाडांच्या चकत्या सुट्या सापडतात. त्या अल्पवयीन देवमाशाच्या मणक्यांची टोके असतात, जी वाढ पूर्ण होईपर्यंत मणक्याला जुळलेली नसतात.

परातील रचनाही निर्णायक आहे. देवमाशाच्या पुढच्या परात दंडाचे आखूड हाड, त्यापुढे शेजारी-शेजारी दोन हाडे आणि मग बोटांच्या पेरांच्या रांगा असतात. हे पाहून काही जण हादरतात आणि माणसाचा हात असल्याचे बोलू लागतात, पण सस्तन प्राण्याच्या परात तसे असणे हेच स्वाभाविक आहे. शेपटी शाबूत असेल तर काम आणखी सोपे होते, कारण देवमाशाची शेपटी आडवी असते आणि माशाची उभी.

मृत पाकट पालथे न पडता उताणे पडले तर त्याच्या पांढऱ्या पोटाकडील बाजूस दोन डोळे आणि तोंड असलेला माणसाचा चेहरा दिसतो. ते डोळे नसून नाकपुड्या असतात. खरे डोळे दुसऱ्या बाजूला असतात. लाकडी ओंडक्याला किंवा हरवलेल्या बोयाला लागलेले, लांब देठांचे वळवळणारे शिंपलेही काही वेळा ‘प्राणी’ म्हणून दाखवले जातात. ते बार्नॅकल असतात, शिंपल्यांसारखे दिसत असले तरी खेकड्यांच्या गटातले.

सहावी पायरी : कोकणात अपेक्षित असलेले प्राणी

गट कळला की शक्यता मोजक्याच उरतात. दीड मीटरच्या आसपासचा, गोल डोक्याचा, चोच नसलेला आणि पाठीवर पर नसलेला राखाडी प्राणी असेल तर तो फिनलेस पॉरपॉइझ होय. पर गळून गेल्यासारखे वाटते, पण त्याला तो नसतोच. त्याचे दात चपटे, फावड्याच्या पात्यासारखे असतात. दोन ते अडीच मीटरचा, लांब चोचीचा, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर असलेला, शंकूच्या आकाराच्या दातांचा प्राणी म्हणजे हम्पबॅक डॉल्फिन. मालवण आणि दापोलीकडे होडीतून पर्यटकांना दाखवले जाणारे डॉल्फिन हेच.

दहा मीटरच्या पुढील शरीरात वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या, आतल्या कडेला झालर असलेल्या पट्ट्या दिसल्या तर तो बॅलीन जातीचा देवमासा असतो. घशापासून नाभीकडे जाणाऱ्या समांतर घड्या, आणि डोक्याच्या वरच्या बाजूस एकाऐवजी तीन उभ्या कडा असतील तर ब्रायडीज देवमासा मानावा. एकच कड, रुंद व सपाट डोके आणि पूर्ण काळ्या पट्ट्या या निळ्या देवमाशाच्या खुणा आहेत. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला होता. चौकोनी डोके आणि फक्त खालच्या अरुंद जबड्यात मोठे दात असतील तर स्पर्म व्हेल. पाठीवर पांढरे ठिपके व रेषा, अंगावर लांबट कडा आणि डोक्याच्या टोकाला रुंद तोंड असेल तर व्हेल शार्क. नावात व्हेल असले तरी हा मासा आहे.

कासवांची कलेवरे सर्वांत जास्त वेळा दिसतात. पाठीच्या मधल्या रांगेच्या प्रत्येक बाजूस पाच किंवा अधिक ढाली (कवचावरचे चकत्यांसारखे भाग) असतील तर ऑलिव्ह रिडले, चार असतील तर हिरवे कासव किंवा चोचीचे कासव, आणि ढालींऐवजी सात लांब कडा असलेली चामड्यासारखी पाठ असेल तर लेदरबॅक.

या सगळ्यात स्थानिक मच्छीमारांना विचारणे हा उपचार म्हणून उरकण्याचा भाग नाही. ‘काका, असा मासा तुमच्या जाळ्यात कधी लागला होता का?’ असे आदराने विचारावे आणि ते जे नाव सांगतील ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. मुशी, मोरी, पाकट, वाम, भुलगा अशी नावे वरवर साधी वाटली तरी गट ठरवायला ती फार उपयोगी पडतात. गाबीत आणि खारवी समाजातील वयस्क तांडेलांची नजर पुस्तकापेक्षा तीक्ष्ण असते, असे माझे ठाम मत आहे. फक्त ती ताज्या प्राण्याला सरावलेली असते, म्हणून कुजण्याच्या क्रमाची माहिती आपण तिच्या जोडीला ठेवावी.

सातवी पायरी : कळवणे, आणि काहीही सोबत न आणणे

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये देवमासे, डॉल्फिन, समुद्री कासवे आणि व्हेल शार्क हे अनुसूची एकमध्ये आहेत. मृत प्राण्याचे दात, हाड, कवच किंवा मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरतो आणि त्याला तीन ते सात वर्षांचा कारावास होऊ शकतो. आठवण म्हणून उचललेला एक मणकाही याला अपवाद नाही. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा अंबरग्रीस हा पदार्थ मौल्यवान म्हणून चोरट्या बाजारात विकला जातो. किनाऱ्यावर मेणासारखा राखाडी गोळा दिसला तर तो गाडीत टाकून कोल्हापुरात आणण्याचा विचारही करू नये. डीएनएसाठी नमुना घेण्याचे काम अधिकृत व्यक्तींचे आहे. त्यांना विचारणा करताना नमुना फॉर्मालिनमध्ये न ठेवता अल्कोहोलमध्ये ठेवला जाईल ना, एवढे मात्र विचारायला हरकत नाही, कारण फॉर्मालिनने डीएनए खराब होतो.

माहिती १९२६ वर, स्थानिक वनपाल कार्यालयात किंवा राज्याच्या कांदळवन कक्षाकडे द्यावी. परतल्यावर छायाचित्रांचा पूर्ण संच शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील जाणकारांना किंवा पुण्यातील भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राला दाखवता येतो. त्यांना पाठवताना आपला अंदाज शेवटी लिहावा आणि निरीक्षणे आधी. ‘कुजण्याची अवस्था चार, उरलेल्या भागाची लांबी ६.२ मीटर, मणक्यांची टोके सपाट, शेपटीचे पंख नाहीत, बॅलीन दिसले नाही’ अशी नोंद ‘विचित्र लांब शेपटीचा प्राणी’ या वर्णनापेक्षा शतपटीने उपयोगाची असते. ओळख पटली नाही तर ‘अनिश्चित’ असे लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

मोठी कलेवरे ग्रामपंचायत किंवा वन विभाग सहसा किनाऱ्यावरच खड्डा खणून पुरतो. पुरण्याची नेमकी जागा, जवळच्या सुरूच्या झाडापासून किंवा पक्क्या बांधकामापासूनच्या अंतरासह, आवर्जून टिपून ठेवावी, कारण मांस विघटित झाल्यावर एक-दोन वर्षांनी सांगाडा अभ्यासासाठी बाहेर काढता येतो आणि तेव्हा ती जागा सांगू शकणारी नोंद कोणाकडे तरी असावी लागते.